मोहोळाचं माप

तिकडून परतून आता महिना होत आला. दुकानात येणारा जो तो विचारतो, "मिस्त्री, इतके दिवस कुठं गायब होता?" मी सांगतो, "जावळीच्या डोंगरात. मधमाश्यांच्या घरी पाहुणा गेलो होतो." लोक आधी हसतात, मग लाकडाच्या ढिगावर बूड टेकून सगळं ऐकून घेतात. तेच तेच सांगून माझा रंधा थांबायला लागला, तेव्हा एका गिऱ्हाइकानंच कोरी वही आणून दिली. म्हणाला, "एकदाचं लिहून काढा. आम्ही वाचू, तुम्ही काम करा." म्हणून हे लिहितो. मी लेखक नाही, सुतार आहे. जसं झालं तसं सांगेन.

सांगलीत माझं दुकान तीस वर्षांचं. पलंग, पाट, पाळणे, दारं-खिडक्या. गेल्या दिवाळीनंतर जावळीतल्या एका वाडीतून शेलार नावाच्या गुरुजींचं काम आलं. मधमाश्या पाळण्याच्या दहा पेट्या हव्या होत्या. नमुन्याला त्यांनी एक पेटी रेल्वेनं पाठवली होती. ज्यांनी अशी पेटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवघराएवढी लाकडी पेटी, आत आठ चौकटी, कपाटात पुस्तकं उभी असावीत तशा ओळीनं टांगलेल्या. माश्यांनी एकेका चौकटीत पोळं बांधायचं. मध हवा असेल तेव्हा चौकट उचलायची, मध काढायचा, चौकट होती तिथं ठेवायची. मोहोळ जाळायचं नाही, पिळायचं नाही, पिल्लं मारायची नाहीत. कल्पना मला फार आवडली होती.

पेट्या मी मन लावून केल्या. अस्सल सागवान, सांध्यात केस जाणार नाही असं काम. आणि फाल्गुनात गुरुजींचं चार ओळींचं पत्र आलं. पेट्या सुंदर आहेत, पण माश्या त्यांत राहत नाहीत. दोन मोहोळं निघून गेली. आपण स्वतः येऊन पाहिलंत तर उपकार होतील.

मला राग आला. तीस वर्षांत माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. "माश्या राहत नाहीत त्याला सुतार काय करणार? घर बांधून दिलं, आता नांदवायलाही मीच जाऊ?" असं मी दिवसभर बडबडत होतो. शेवटी बायको म्हणाली, "अवो, जाऊन बगा तरी. हितं बसून लाकडावर राग काढतायसा, त्या फळीनं काय केलंय तुमचं?"

मी हत्यारांची पिशवी भरली.

मेढ्याच्या वाटेवर

मिरजेहून गाडीनं सातारा रोड, तिथून सातारा, आणि साताऱ्याहून मेढ्याची मोटार. मोठ्या लढाईपासून पेट्रोल मिळत नाही म्हणून मागं कोळशाची भट्टी बांधलेली मोटार होती. चढ आला की ती दम टाकायची. मग क्लीनर खाली उतरून भट्टीचा पंखा फिरवायचा आणि आम्ही सगळे उतरून ढकलायचो. एका म्हातारबाबांनी तर मोटारीला बैलासारखं "हां राजा, हां" म्हणून चुचकारलं. ती निघालीसुद्धा.

मेढ्याला गुरुजी उभे होते. किरकोळ अंगाचा, पांढऱ्या टोपीचा माणूस. माझ्या हातातली पिशवी घेऊ लागले तेव्हा मी दिली नाही. हत्यारं मी कुणाच्या हातात देत नाही, शिवाय मनात अढी होतीच. पुढं दोन कोस चढ. पण त्या चढावर माझी अढी अर्धीअधिक गळाली, कारण तसं रान मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडं नजर जाईल तिथं ऊस आणि हळद. डोळ्याला गारवा असतो, पण फूल शोधायला लागतं. इथं पानं गळालेल्या पांगाऱ्यावर लालभडक फुलं, करवंदीला पांढरा बहर, आणि एका वळणावर गुरुजी मला थांबवून म्हणाले, "ऐका."

वर जांभळीचं झाड होतं. फुलं डोळ्यांत भरतील अशी नव्हती, बारीक, फिकट. पण सगळं झाड गुणगुणत होतं. लांबच्या देवळात भजन चालू असावं आणि शब्द कळू नयेत, नुसता सूर यावा, तसं.

"ही सातेरी माशी," गुरुजी म्हणाले. "आग्या मोहोळाची मोठी माशी उघड्यावर राहते, ती पाळता येत नाही. ही झाडाच्या ढोलीत, भिंतीत, अंधारात राहते. गरीब असते. हिचंच घर आपण करतोय."

'आपण' म्हणाले. माझ्या ते लक्षात राहिलं.

शाळेच्या पडवीत माझ्या पेट्या मांडून ठेवल्या होत्या. सहा कोऱ्या, दोन माश्या सोडून गेलेल्या. तिसरीत मोहोळ होतं, पण मेणकिडा लागला होता. चौकटींवर कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं, त्यात पांढऱ्या अळ्या आणि मूठभर माश्या बावरल्यासारख्या बसलेल्या. मी पेटी ठोकून पाहिली, कोपरे तपासले. "लाकडात काही दोष नाही, गुरुजी."

"नाहीच," ते म्हणाले. "काम फार सुंदर आहे."

एवढंच बोलले. रात्री गुरुजींच्या घरी नाचणीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वाटीच्या तळाशी जेमतेम बोटभर मध मिळाला. जोंधळ्याच्या भाकरीची सवय असलेल्या तोंडाला नाचणी जड गेली, पण मधाचं बोट चाटलं आणि लगेच दुसरं बुडवलं. त्याला जांभळीचा किंचित तुरटपणा होता.

आक्काची भिंत

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी मला चौथी पेटी दाखवायला वाडीच्या वरच्या अंगाला घेऊन गेले. घर चंद्राआक्काचं. वय साठीच्या पुढचं, कपाळावर गोंदण, कासोट्याचं लुगडं. तिच्या घराच्या भिंतीत, आतल्या खोलीतल्या देवळीत, म्हणजे कोनाड्यात, चाळीस वर्षं मोहोळ होतं. आक्का लग्न होऊन आली त्याच साली माश्या आल्या. बाहेरून भिंतीला अंगठा जाईल एवढं भोक, त्यातून माश्यांची ये-जा. आतून देवळीला आक्कानं फळी बसवली होती आणि कडा शेणानं लिंपल्या होत्या. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, ती फळी काढायची, कडेचं एकच पोळं कापून घ्यायची आणि परत लिंपून टाकायची.

"बाकीचं त्यांचं," ती म्हणाली. "पावसाळा चार म्हैनं. त्यास्नी खायाला नगं?"

आक्काचा मुलगा शंकर फौजेत होता. लढाई संपल्यावर सुटून घरी आला होता. त्याची बायको बाळंतपणाला टेकली होती आणि त्या खोलीत पाळणा बांधायचा होता. तान्ह्या पोराच्या डोक्याशी माश्या नकोत, असं शंकरचं म्हणणं. ते काही चूक नव्हतं. त्यानं पेंढा पेटवून धूर देऊन मोहोळ काढून टाकायचं ठरवलं होतं. गुरुजींनी मधे पडून आक्काची समजूत घातली होती की आपण माश्यांना न मारता पेटीत नेऊ. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी तसं केलं. ती पेटी अंगणात फणसाखाली होती. माझ्या हातची.

मी बसायच्या आधी आक्कानं मला निरखून पाहिलं. "हेच का मिस्त्री? पेटी लय देखणी केलीसा. पर त्यास्नी न्हाई गोड लागली."

"का म्हणून?"

"आता म्या काय सांगू? त्या काय बोलत्यात व्हय? पर आवाज निराळा येतोय. भितीत हुत्या तवा असा न्हवता."

गुरुजींनी शेणीचा हलका धूर देऊन झाकण उघडलं. मला दिसलं ते सरळ सांगतो. माझ्या चौकटींमधल्या मोकळ्या जागेत माश्यांनी आडवीतिडवी पोळी बांधली होती. एक पोळं दोन चौकटींना चिकटलेलं, तिसरं त्यांना काटकोनात. गुरुजींनी अगदी अलगद एक चौकट उचलली, तरी शेजारचं पोळं फाटलं. मध गळायला लागला आणि उघड्या घरांतून पांढरी पिल्लं दिसली. माश्यांचा आवाज एकदम चढला. गुरुजींनी घाईनं चौकट खाली सोडली आणि झाकण लावलं.

पदराचा शेव तोंडाशी धरून आक्का त्या गळालेल्या मधाकडं बघत राहिली.

मला तेव्हाच काहीतरी उमगलं होतं. मी म्हणालो, "आक्का, ती जुनी देवळी बघू का?"

खोलीत अंधार होता. शंकरनं कंदील धरला. देवळी रिकामी होती, पण तिच्या माथ्यावर आडवं बसवलेलं जुनं लाकूड होतं आणि त्याला तोडलेल्या पोळ्यांच्या मेणाच्या रेघा तशाच होत्या. एकीशेजारी एक, सात रेघा. मी खिशातली पट्टी काढली. आमच्या धंद्यात इंचाचे आठ सूत. पहिल्या रेघेपासून दुसरी, दहा सूत. दुसरीपासून तिसरी, दहा सूत. सहाही अंतरं मोजली. एका ठिकाणी अर्धा सूत कमी भरला, बाकी सगळीकडं दहा. अंधारात, कुणाच्या हातात पट्टी नसताना, चाळीस वर्षं.

नमुन्याच्या पेटीतल्या चौकटींचं अंतरही बरोबर दहा सूत होतं. मी ते तेरा केलं होतं.

का केलं ते मला पक्कं आठवत होतं. दुकानात नमुना उघडला तेव्हा वाटलं, किती दाटीवाटी! जिवंत प्राणी राहायचा, जरा ऐसपैस करू. म्हणून आठांच्या जागी सहाच चौकटी बसवल्या. वर, काम चांगलं दिसावं म्हणून पेट्यांना आतूनसुद्धा रोगण लावलं. हे मी कुणाला विचारलं नव्हतं. सुताराला कोण काय सांगणार, असं मनात होतं.

बाहेर येऊन मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. "गुरुजी, चूक माझी आहे. मी माप बदललं. जागा जास्त झाली म्हणून त्यांनी मधे पोळी बांधली. आणि रोगणाचा वास..."

"मला वासाची शंका होती," गुरुजी हळू म्हणाले. "मापाची नव्हती. मीही नमुन्याशी ताडून बघायला हवं होतं."

शंकर उभाच होता. फौजी माणूस, आवाज खणखणीत. "म्हंजे चूक तुमची व्हय! आवं मिस्त्री, आमच्या आईनं तीन हप्ते डोळ्याला डोळा लावला न्हाई. पेंढा लावला असता तर एका दिसात रडून मोकळी झाली असती. आता रोज बघती, रोज झुरती."

आक्काच मधे बोलली. "शंकऱ्या, गप. त्यानं तोंडानं कबूल केलंय न्हवं?" मग माझ्याकडं वळून, "नीट करता येतंय का तेवढं सांगा."

"येईल," मी म्हणालो. येईल का ते मला माहीत नव्हतं.

पडवीतलं दुकान

त्या दिवसाचा उरलेला सगळा वेळ मी आक्काच्या पडवीत दुकान मांडलं. कोऱ्या पेट्यांपैकी एक घेतली. तासणीनं आतलं रोगण खरवडून काढलं, तेव्हा माझेच हात माझ्या कामावर चालताना कसंसंच होत होतं. चौकटी टांगायच्या खाचांची पट्टी नवीन केली, दहा-दहा सुतांवर. दोन चौकटी वाढवल्या. आक्कानं देवळीतलं जुनं मेण निखाऱ्यावर वितळवून दिलं. "ह्ये पुसा आतून. त्यास्नी वळख पटल." मी चिंधीनं ते सगळीकडं पुसलं. रोगणापेक्षा त्याची झळाळी मऊ होती.

फणसाखालची पेटी दगडांवर ठेवलेली होती आणि मुंग्यांची रांग वर चढलेली दिसत होती. म्हणून पाण्याच्या हंड्यांना असते तशी एक घडवंची केली, चार पायांची. प्रत्येक पाय मातीच्या पसरट वाडग्यात, वाडग्यात पाणी. गुरुजींनी त्या पाण्यात खडे टाकले.

"हे कशाला?"

"माश्या पाणी प्यायला येतात. बुडू नयेत म्हणून."

अशी त्या माणसाची नजर. दुपारी ते मला शाळेमागची बाग दाखवायला घेऊन गेले. मला वाटलं गुलाब-शेवंती असेल. तिथं फुलावर आलेली कोथिंबीर होती, बियाण्याला ठेवलेल्या कांद्याचे गोंडे होते, तुळशी, शेवगा, कडेनं झेंडू. पावसाळ्यासाठी तेरड्याचं बी राखून ठेवलेलं. "पेटी म्हणजे नुसतं घर," ते म्हणाले. "घरात दाणा कुठून यायचा? डोंगरात जांभूळ, हिरडा फुलतो तोवर चंगळ असते. आषाढात माशी उपाशी मरते. तेव्हा तिला साखर देण्यापेक्षा मध थोडा कमी काढावा आणि दाराशी फुलं असावीत." नाचणीच्या रोपांसाठी तिकडं फांद्या तोडून शेतात जाळतात, त्याला राब म्हणतात. ऐन बहरातल्या जांभळीवरच कोयता पडायचा. आधी ऐन-किंजळाच्या फांद्या तोडा, जांभळीचा बहर संपू द्या, एवढंच गुरुजी दोन वर्षं घरोघर सांगत होते. निम्म्या वाडीनं ऐकलं होतं.

माझ्या घरामागं बायकोचा भाजीचा वाफा आहे. कोथिंबिरीला फूल आलं की आम्ही म्हणतो वाया गेली, आणि उपटून टाकतो. हे मी गुरुजींना सांगितलं नाही.

मनगटावरची राणी

तिसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर कामाला हात घातला. ठरलं असं: गुरुजी जुन्या पेटीतलं एकेक पोळं सुरीनं कापून काढणार, मी ते नव्या चौकटीत बसवून केळीच्या सोपटानं बांधणार, आक्का राणीमाशीवर नजर ठेवणार. राणी नव्या पेटीत गेली तर सगळ्या जातात. राणी मेली तर मोहोळ संपलं. शंकर डोक्यावरून घोंगडं घेऊन लांब उभा होता.

"हळू रं बाबा," आक्का मला म्हणाली. आता मी 'मिस्त्री' राहिलो नव्हतो. "घाई करू नगंस. त्यांच्या घरात आलाईस तू."

पहिली तीन पोळी नीट झाली. कोवळं पोळं हातात घेतलं की ते ऊबदार असतं, हे मला ठाऊक नव्हतं. पिल्लांची ऊब. चौथं पोळं गुरुजींनी माझ्या हातात दिलं आणि आक्का एकदम म्हणाली, "थांब. हालू नगंस."

माझ्या डाव्या मनगटावर राणी होती. बाकीच्यांपेक्षा लांबोडकी, काळसर, पंख अंगाला आखूड पडलेले. पोळ्यावरून उतरून ती माझ्या हातावर चालत होती, आणि दहा-पंधरा माश्या तिच्याभोवती. त्याच वेळी एक माशी माझ्या उजव्या डोळ्यावर आली आणि पापणीला डसली.

ती कळ कशी सांगू? तापलेली सुई आरपार जावी तशी. हात आपोआप वर जायला बघत होता. पण एका हातात पोळं आणि दुसऱ्यावर राणी. हात झटकला असता तर तीस वर्षांतली माझी सगळ्यात मोठी चूक झाली असती, आणि ती दुरुस्त करायला पट्टी-पटाशी चालली नसती. करवत सरळ जावी म्हणून श्वास धरायची आम्हाला सवय असते. मी श्वास धरला. डोळ्यातून पाण्याची धार लागली होती, तरी हात तसाच ठेवला.

आक्कानं फणसाचं एक पान तोडलं. राणीच्या पुढ्यात धरलं आणि कुजबुजली, "चल बाई. चल, तुझं घर केलंय." राणी पानाच्या कडेशी थबकली. मागं वळली. पुन्हा पुढं आली आणि पानावर चढली. आक्कानं ते पान नव्या पेटीत, दोन चौकटींच्या मधे अलगद उतरवलं. दहा सुतांच्या त्या अंतरात राणी दिसेनाशी झाली.

मी खाली बसलो. कुणीतरी माझं तोंड धरून वर केलं आणि नखानं पापणीतला काटा खरवडून काढला. शंकर होता. घोंगडं कधी टाकलं होतं कोण जाणे.

"हलला न्हाईसा, मिस्त्री," तो म्हणाला. "पलटनीत बी माणूस हलतो."

दुपारचं उड्डाण

पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. आधीची दोन मोहोळं अशीच, पेटीत घातल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भर दुपारी उठून निघून गेली होती. माझा उजवा डोळा सुजून बंद होता. डाव्या डोळ्यानं मी सकाळपासून त्या पेटीकडं बघत बसलो होतो. सगळं शांत.

दुपारी एकदम पेटीच्या दारातून माश्या बाहेर यायला लागल्या. दहा, पन्नास, मग मोजता येईनात. पेटीसमोर हवेत ढग झाला. गुरुजी धावत आले. "निघाल्या! शंकर, थाळी वाजव, पाणी शिंपड..." थाळीच्या आवाजानं उठलेल्या माश्या खाली बसतात म्हणे. मला वाटलं, संपलं. आता आक्काच्या तोंडाकडं कसं बघायचं?

आक्का पायरीवर तांदूळ निवडत होती. ती उठली, अंगणात आली, पेटीशी वाकून क्षणभर ऐकलं आणि परत सूप मांडीवर घेतलं.

"थाळी कशाला वाजवतासा गुर्जी? पोरं खेळाय आलीत."

"पोरं?"

"नवी पोरं. बगा की, तोंडं घराकडं करून उडत्यात. जानाऱ्या असत्या तर पाठ केली असती."

खरंच होतं. एकूणएक माशी पेटीकडं तोंड करून हवेत पुढं-मागं झुलत होती, नवं घर पाठ करत असल्यासारखी. घटकाभरानं ढग विरळ झाला आणि एकेक करून त्या आत गेल्या. संध्याकाळी एक माशी मागच्या पायांना पिवळे गोळे लावून आली. फुलांचा पराग. गुरुजींनी टोपी काढून कपाळ पुसलं. "पिल्लांना खाऊ आणला. आता राहतील."

रोज एक हात

खरं तर माझं काम संपलं होतं. लग्नसराईचे पलंग सांगलीला खोळंबले होते. पण निघायचं ठरलं होतं त्याच्या आदल्या दिवशी मी आक्काला विचारलं, "आता झोप लागेल ना?"

ती हसली. मग म्हणाली, "त्या नांदत्यात, झालं. माझं काय? चाळीस वर्सं भितीला पाठ लावून निजले. आत त्यांचा आवाज यायचा. मालक गेलं तवा बी यायचा. शंकऱ्या लढाईवर हुता, कागद न्हाई, पत्तर न्हाई, तवा बी यायचा. आता भित मुकी झाली."

मी देवळीचं बाहेरचं भोक बघून आलो. शंकरनं ते अजून बुजवलं नव्हतं. पेटीची पाठ त्या भोकाला लावली तर? माश्यांचं दार अंगणाकडं राहील, खोलीत एकही यायची नाही. भोकाला आतून मलमलीचा तुकडा ठोकला की झालं. आवाज मात्र जाईल.

गुरुजींनी मान हलवली. "कल्पना चांगली आहे, पण पेटी एकदम हलवता येणार नाही. रानातून आलेली माशी जुन्या जागी जाऊन घुटमळते आणि तिथंच मरते. रोज संध्याकाळी थोडी थोडी सरकवायची. दिवसाला एक हात, जास्त नाही."

फणसापासून भिंत सहा हात होती.

मी सहा दिवस राहिलो. रोज तिन्हीसांजेला, माश्या आत गेल्या की एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं शंकर, घडवंचीसकट पेटी उचलायची, पट्टीनं हातभर मोजायचं आणि ठेवायची. पहिल्या दिवशी शंकर म्हणाला, "गड्या, ह्यापरीस पलटन हलवनं सोपं." तिसऱ्या दिवसापासून तोच मोजायला लागला. मधल्या वेळात मी उरलेल्या पेट्यांचं रोगण काढलं, खाचा बदलल्या. मेणकिड्याचं मोहोळ मात्र वाचलं नाही. त्या मूठभर माश्याही एके सकाळी पेटीच्या तळाशी मरून पडल्या होत्या. गुरुजींनी चौकटी जाळल्या आणि मी ती पेटी उन्हात उघडी टाकली. त्या दिवशी मला भाकरी गेली नाही. आक्कानं आग्रह केला नाही, नुसतं ताक पुढं ठेवलं.

सहाव्या संध्याकाळी पेटीची पाठ भिंतीला टेकली. मी कडेनं कापडाची वळकटी दाबून बसवली आणि आत जाऊन भोकाला मलमल ठोकली. आक्काला हाक मारली नाही. बाहेर पडवीत हात-पाय धुवायला गेलो. पाठीमागं ती खोलीत गेल्याचं फक्त कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. निरोप घ्यायला गेलो तेव्हा आक्का चुलीपाशी होती, सून आत झोपली होती. आक्कानं फडक्यात धने आणि तेरड्याचं बी बांधून दिलं, डोळ्यावरची सूज बोटानं दाबून बघितली आणि "सावकास जा" म्हणाली. झोपेचं मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

मेढ्यापर्यंत शंकर सोबत आला. हत्यारांची पिशवी त्यानं मागितली आणि मी दिली. दोन कोस उतार आम्ही जवळजवळ न बोलता उतरलो. मोटार उभी होती, क्लीनर भट्टी पेटवत होता. शंकरनं पिशवी टपावर चढवली, दोरी आवळली, खाली उतरला आणि हात झाडत म्हणाला,

"मिस्त्री, आई काल झोपली."

मी मोटारीच्या पायरीवर ठेवलेला पाय खाली घेतला.

"घोरत हुती," तो म्हणाला. "बायको उठून बसली बगा."